पोराच्या नावाचं गाणं

सॅमी कोहेनच्या ‘यू आर सो नॉट इन्व्हायटेड टू माय बॅट मिट्झ्वा’ (2023) या नेटफ्लिक्सच्या चित्रपटात सँडलर घराण्यातले चौघे आहेत आणि डीजे श्म्युली नावाचं एक पात्र आहे. समारंभात रब्बाईपेक्षा भाव त्यालाच जास्त. चित्रपट हलकाफुलका आहे, पण खोटा म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या ज्यू घरांतला बार मिट्झ्वा किंवा बॅट मिट्झ्वा, म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या वयात येण्याचा धार्मिक सोहळा, आज बरेचदा असाच वाजतो: सकाळी सिनेगॉगमध्ये तोरावाचन, संध्याकाळी हॉलमध्ये खुर्चीसकट उचललेलं पोर, ‘हवा नगीला’, आणि मग त्या वर्षीची हिट गाणी. त्या डीजेवर रागावण्यात अर्थ नाही. तो निदान स्वतःला संस्कृतीरक्षक म्हणवत नाही. चीड येते ती त्याच्यावर उतारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सुसंस्कृत उपायाची. सवंग गाणी बंद करा आणि ‘वर्ल्ड म्युझिक’ लावा. एखादी येमेनी चाल, एखादं लादिनो प्रेमगीत, चिमूटभर क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं वाद्यसंगीत, वरून दर्बुका. झाली परंपरा.

येमेनचंच घ्या. ओफ्रा हाझाचं ‘इम निनआलू’ 1988 मध्ये युरोपभर वाजलं. त्यातले शब्द सतराव्या शतकातल्या शालोम शबाझी या येमेनी ज्यू कवीचे. 2015 मध्ये आ-वा या तीन बहिणींनी ‘हबीब गल्बी’ आणलं, म्हणजे येमेनी बायकांच्या ओठांवरचं गाणं नाचाच्या ठेक्यावर बसवलं. दोन्ही गाणी झकास आहेत. पण जुन्या येमेनमध्ये तेराव्या वर्षाचा असा सोहळाच नव्हता. तिथली पोरं त्याच्या कितीतरी आधी, अगदी लहान वयात, तोरावाचनाला उभी राहत. म्हणजे ‘मुळांकडे परत’ असं सांगत बार मिट्झ्वाला येमेनी गाणी वाजवणारे ज्या मुळांकडे निघाले आहेत, तिथे हा समारंभच नाही. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव 1987 मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्डवाल्यांनी एकत्र बसून पक्कं केलं, दुकानात या तबकड्या कुठल्या खणात ठेवायच्या हा प्रश्न सोडवण्यासाठी. खणाला प्रसंग कुठून असणार?

क्लेझ्मरबद्दल इतकंच, की क्लेझ्मॅटिक्स या बँडच्या ‘वंडर व्हील’ला ग्रॅमी मिळाली तेव्हा त्याच्या पुनरुज्जीवनाची चळवळ संपली आणि कारकिर्दी सुरू झाल्या. लेनर्ड कोहेनचं ‘हालेलुया’ दर समारंभात कुणीतरी गिटारवर म्हणतंच. ते आता कुणी ऐकत नाही, सहन करतात.

‘हवा नगीला’ची गोष्ट मात्र नीट आठवावी. मूळची ती बुकोविनातल्या साडिगुऱ्याच्या हसिदींची बिनशब्दांची धून. अब्राहम त्स्वी इदेलसोनने ती जेरुसलेममध्ये टिपून घेतली आणि 1918 च्या सुमारास, ब्रिटिश तिथे आल्यानंतरच्या जल्लोषात, तिला शब्द मिळाले. हाच इदेलसोन हिब्रू-पौर्वात्य चालींचे दहा खंड काढणारा गाढा संग्राहक, आणि त्याच्या नावावर जगाने लक्षात ठेवलं ते एवढंच. 1959 मध्ये हॅरी बेलाफॉन्टेने ते कार्नेगी हॉलमध्ये गायलं आणि मग ते सगळ्यांचंच झालं. म्हणजे एका नेमक्या दिवसासाठी केलेलं गाणं आता कुठल्याही दिवशी चालतं. नेमका हाच प्रवास आज कौतुकाने पुन्हा पुन्हा घडवला जातो.

वास्तविक या समारंभातलं खरं गाणं सकाळीच होऊन गेलेलं असतं. तोराच्या गुंडाळीत ना स्वरचिन्हं, ना विरामचिन्हं, ना चालीच्या खुणा. नुसती व्यंजनं. बाकी सगळं पोराने पाठ करून यायचं. चालीच्या खुणा असतात त्या छापील पुस्तकात, आणि त्यांत ‘शल्शेलेत’ नावाची एक आहे. अख्ख्या तोरात ती चारदाच येते आणि अश्केनाझी पद्धतीत तिच्यावर आवाज लांबवत वर-खाली हेलकावत न्यावा लागतो. पोटीफरच्या बायकोला योसेफ नकार देतो, तो नेमका या खुणेवर. ज्या पोराच्या वाट्याला तो उतारा येतो त्याचा आवाज नुकताच फुटलेला असतो आणि त्याला भर सिनेगॉगमध्ये, आजी-आजोबांच्या पुढ्यात, हा नकार एवढा लांब खेचायचा असतो. याच्या तोडीचं नाट्य संध्याकाळच्या कुठल्या गाण्यात आहे? पण शिकवणी होते ती घोकंपट्टीने. कोएन बंधूंच्या ‘अ सीरियस मॅन’मधला (2009) डॅनी एलपी लावून आपला उतारा गिरवतो, आता एलपीच्या जागी फोनवरची ध्वनिफीत आली, एवढाच फरक. खुणा वाचायला शिकलेलं पोर पुढे कुठलाही उतारा गाऊ शकतं. फीत पाठ केलेल्याला तेवढाच येतो, आणि तोही महिनाभरच.

मुलींच्या वाट्याला आधी तेवढंही नव्हतं. मार्च 1922 मध्ये न्यूयॉर्कला जुडिथ कॅप्लान बॅट मिट्झ्वासाठी उभी राहिली, तीही गुंडाळीसमोर नाही; तिने छापील पुस्तकातून वाचलं. ही मुलगी पुढे संगीताची अभ्यासक झाली, याचं आश्चर्य वाटू नये. डेबी फ्रीडमनचं ‘लेखी लाख’ आज असंख्य बॅट मिट्झ्वांत म्हटलं जातं. गोड आहे, सोपं आहे, आणि कुठल्याही मुलीला चालतं. तिथेच ते कमी पडतं.

कारण कुठल्याही पोराला न चालणारी, एकाच पोरासाठी बांधलेली गाणी एका समाजाने शंभरेक वर्षं केली आहेत. हलबहून, म्हणजे आलेप्पोहून, ब्रुकलिनला आलेल्या सीरियन ज्यूंची ही ‘पिझ्मोनीम’. राफाएल अंतेबी तबूश हा त्यातला थोर रचनाकार. 1912 मध्ये न्यूयॉर्कला पोचलेला मोशे अशेर हा त्याचा शिष्य. तो बार मिट्झ्वासाठी हिब्रू पदं रचून द्यायचा आणि त्यात मुलाचं, बापाचं, आजोबांचं नाव बायबलमधल्या शब्दांच्या वळणांत असं बसवायचा की ऐकणाऱ्या नातेवाइकांना ते बरोबर सापडावं. चाल बहुधा अरबी, कैरोहून आलेल्या तबकड्यांवरची. मुहम्मद अब्देल वहाब काय, उम्म कुलसुम काय, कुणालाच सोडलं नाही. नाताळच्या ‘ओ टॅननबाउम’ची चालसुद्धा एका पिझ्मोनने पळवली आहे, आणि सिनेगॉगचं छप्पर अजून शाबूत आहे.

मौज पुढे आहे. दर शब्बाथच्या उताऱ्यानुसार प्रार्थनेचा मकाम, म्हणजे अरबी संगीतातली रागासारखी स्वरचौकट, ठरतो: आनंदाला अजम, सुंतेच्या कथेला सबा, दुःखाला हिजाझ. हझ्झान म्हणजे मुख्य गायक त्या मकामातल्या पिझ्मोनच्या चाली उचलतो आणि कद्दीशसारख्या प्रार्थना त्यांवर बसवतो. ज्या घराण्यासाठी पिझ्मोन रचलं, त्यातलं माणूस पुढे कधीही तोरापुढे बोलावलं गेलं की ते पुन्हा म्हटलं जातं. तेरा वर्षांच्या पोराला मिळालेलं गाणं त्याच्या लग्नात, त्याच्या मुलाच्या सुंतेत, म्हातारपणी असं त्याच्या मागे येत राहतं.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. मुंजीत बटूचं, आई-बापाचं, आत्या-मामांचं नाव शार्दूलविक्रीडितात कोंबून घरच्याच कुणीतरी रचलेली मंगलाष्टकं, गुलाबी कागदावर छापून वाटलेली, आपल्याकडे होतीच. काव्य म्हणून त्यांतली बहुतेक भयंकर होती. पण ती दुसऱ्या कुठल्या बटूला म्हणता येत नसत.

यावर अभ्यासकांचं उत्तर ठरलेलं: ही गाणी लुप्त होताहेत, आधी जतन करा. करा की! के शेलेमेने ‘लेट जॅस्मिन रेन डाउन’ (1998) लिहिलं, उत्तम झालं; पिझ्मोनीमच्या ध्वनिफिती जमवून ठेवणारेही आहेत. पण जतनाची भाषा करणारे बहुतेक जण नवी रचना झाली की नाक मुरडतात: चाल अस्सल नाही, वाद्य परकं आहे, उसनवारी दिसते. अशेरची कुठली चाल अस्सल होती? त्याने कैरोचं लोकप्रिय संगीत उचललं आणि एका पोराचं करून टाकलं. वर्ल्ड म्युझिकवाला याच्या उलट करतो. एका घराचं गाणं उचलून तो सगळ्यांचं करतो आणि त्यात घर शिल्लक ठेवत नाही. दोघांनाही ‘देवाणघेवाण’ म्हणून एकाच पाटावर बसवणं हा आळस आहे.

आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, बाबतीत हा आळस महागात पडतो. 1880 च्या सुमारास, तिकडे पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर येत होतं त्याच काळात, मुंबईत या समाजाने कीर्तन उचललं आणि बायबलमधल्या पुरुषांची चरित्रं साकी-दिंडीच्या चालींवर मराठीत उभी केली. हेही उसनं घेऊन नवं करणंच होतं. आज तीच पदं इस्रायलमध्ये मुख्यतः वारसा म्हणून, मेळाव्यांत, निवेदनासकट सादर होतात आणि टाळ्या घेतात. मलिद्याच्या विधीत एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घेणारी घरं लोदला आहेत, अश्दोदला आहेत, दिमोनात आहेत. तिथल्या पेणकर, रोहेकर, चेऊलकरांच्या नातवासाठी कुणी नवं पद बांधत असेल तर ते व्यासपीठावर पोचत नाही, आणि जो पैसा आहे तो व्यासपीठाकडेच जातो.

नातवाला मराठी येत नाही, ही सबब असते. ब्रुकलिनच्या नातवांनाही अरबी येत नव्हती. अशेरने शब्द हिब्रू ठेवले आणि अरबी नुसती चालीत राहू दिली. लोदच्या पोरासाठी शब्द हिब्रू असू द्यावेत, चाल दिंडीची घ्यावी, आणि आजोबांचं किहीमकर हे आडनाव शेवटच्या कडव्यात बसवायला एक जाणता रचनाकार गाठून त्याला बिदागी द्यावी. त्या समारंभाला येणाऱ्या डीजेच्या निम्मी दिली तरी तो येईल.