ख्रिस्ती मुलींचें संसारोपयोगी वाचन

बाबा पदमनजीकृत ‘यमुनापर्यटन’ (इ. स. १८५७) आद्य मराठी कादंबरी म्हणून संग्राहकांस प्रिय आहे. परंतु तत्कालीन ख्रिस्ती मुली विवाहाची व मातृपदाची तयारी काय वाचून करीत, याचा निर्णय तीवरून करणें सयुक्तिक नाहीं. तिचा विषय हिंदु विधवांची दशा हा आहे. यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करिते तो शेवटीं. उलटपक्षीं पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीती’त (१८८२) गृहकृत्यें व अपत्यसंगोपन यांचा उपदेश आहे; पण बाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, सबब तिला ख्रिस्ती ग्रंथ म्हणणें हा कालविपर्यास होय.

ठाणें प्रांतीं ही सावधगिरी विशेष हवी. तेथील जुना रोमन कॅथलिक समाज पोर्तुगीज अमदानींतला, म्हणजे मराठ्यांनीं १७३७ सालीं ठाणें घेण्यापूर्वीचा. प्रॉटेस्टंट मिशनांचें मराठी वाङ्मय त्याच्या घरोघरीं वाचलें जाई, असें गृहीत धरूं नये. ठाणें-कल्याणकडे अशीं पुस्तकें हातीं आल्यास, नवी बांधणी करितांना आरंभींचीं व शेवटचीं कोरीं पानें काढून टाकूं नयेत. वाचणाऱ्या मुलीचें नांव, शाळेच्या बक्षिसाचा लेख, लग्नाची वा अपत्यजन्माची नोंद त्यांवर आढळल्यास, या प्रश्नीं तोच अस्सल पुरावा होय.