डब्लिनच्या ताटात काय आहे?

भारतातून आई-बाबा किंवा मित्रमंडळी आली, की आपल्यापैकी बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दिवसा ट्रिनिटी कॉलेज, शनिवारी क्लिफ्स ऑफ मोहर आणि रात्री जेवायला पुन्हा इंडियन रेस्टॉरंट! "इथलं काय खायचं? सगळं उकडलेलं, ना मीठ ना मिरची," हे वाक्य मंडळाच्या जेवणाच्या रांगेत हमखास ऐकू येते. आपली मुले मात्र याच गावात लहानाची मोठी होत आहेत. उद्या त्यांना "आमच्या डब्लिनचं जेवण" असे म्हणावेसे वाटेल, तेव्हा त्यांच्या आई-वडिलांना त्यातले चार पदार्थ तरी ठाऊक असायला नकोत का?

आयरिश जेवण मसाल्याच्या मापाने मोजले, तर ते नापासच होणार. कोल्हापुरी रश्शाच्या मापाने कोकणातली पेज मोजण्यासारखेच ते. बटाटा, ओट्स, दूध, लोणी आणि ताक यांवर उभे राहिलेले हे कष्टकऱ्यांचे जेवण आहे. भाकरी-पिठल्याला जो प्रश्न विचारतो तोच इथे विचारावा : ताजे आहे का, गरम आहे का, पोट भरते का?

सुरुवात सोडा ब्रेडपासून करा. पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक, एवढीच सामग्री. आयर्लंडचा गहू मऊ, यीस्टच्या पावाला फारसा न मानवणारा. म्हणून एकोणिसाव्या शतकात सोडा आला आणि घरोघरी रुळला. ताकातल्या आंबटपणामुळे सोडा फसफसतो आणि पाव फुगतो. आपल्या ढोकळ्याचीच युक्ती! त्याच दिवशी भाजलेला, भरपूर लोणी लावून, गरम सूपबरोबर खावा. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, तेव्हाच्या चवीवरून त्याला नावे ठेवू नयेत.

बॉक्स्टी हा किसलेला कच्चा बटाटा, कुस्करलेला उकडलेला बटाटा, पीठ आणि ताक यांचा घावनासारखा पदार्थ. मूळचा लीट्रिम-कॅव्हनकडचा, डब्लिनमध्ये टेंपल बारच्या गॅलाघर्स बॉक्स्टी हाउसने त्याला नाव मिळवून दिले. टेंपल बार म्हणजे पर्यटकांचा भाग, खिशाला चिमटा बसतोच. पण थालीपिठावर वाढलेल्या माणसाला हा पदार्थ परका वाटणार नाही.

कॉडल हा खास डब्लिनकरांचा पदार्थ. सॉसेज, रॅशर, कांदा आणि बटाटा एकाच भांड्यात मंद शिजवायचे. पूर्वी शुक्रवारी कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असे, म्हणून उरलेसुरले गुरुवारी संपवायची ही सोय. दिसायला फिकट, अगदी केविलवाणे! पण मिरपूड घातलेला गरम रस्सा पावसाळी संध्याकाळी चांगला लागतो. ग्लासनेविनच्या दफनभूमीला लागून १८३३ सालचा जॉन कॅव्हनाघ हा पब आहे. 'ग्रेव्हडिगर्स' या नावाने तो ओळखला जातो आणि कॉडलसाठी प्रसिद्ध आहे. तिथे ना टीव्ही, ना संगीत, फक्त गप्पा. पोर्क न खाणाऱ्यांनी मात्र कॉडलच्या वाटेला जाऊ नये.

आता मासे. क्राइस्टचर्चजवळ वर्बर्ग स्ट्रीटवर लिओ बर्डॉक हे १९१३ सालापासूनचे फिश अँड चिप्सचे दुकान आहे. डार्टने हाउथला गेलात, तर बंदराजवळ बेशॉफ ब्रदर्स आहे. या घराण्याचे मूळ पुरुष इव्हान बेशॉफ हे १९०५ च्या पोटेम्किन युद्धनौकेवरील बंडातले खलाशी. कॉड नेहमीचाच, हॅडॉक किंवा रे मागून पाहा. कुरकुरीत बोंबलावर जीव असलेल्यांना वरच्या आवरणाची किंमत कळेल. एक सावधगिरी : जुन्या पद्धतीच्या चिपरमध्ये बीफच्या चरबीत तळण्याची रीत आहे. शाकाहारी मंडळींनी आणि बीफ न खाणाऱ्यांनी नुसत्या चिप्स घेतानाही आधी विचारावे. शुद्ध शाकाहारींसाठी विकलो स्ट्रीटवरचे कॉर्न्युकोपिया हे १९८६ सालापासूनचे भरवशाचे ठिकाण.

शेवटी मुलांचा लाडका स्पाइस बॅग. चिप्स, कुरकुरीत चिकन, कांदा, ढोबळी मिरची आणि तिखट मसाला, सगळे कागदी पिशवीत खळखळ हलवून देतात. २०१० च्या सुमारास टेंपलओगच्या एका चिनी टेकअवेत तो जन्मला, असे मानतात. पौष्टिक म्हणवत नाही आणि मीठ जास्तच. महिन्यातून एकदा ठीक. पण "ना मीठ ना मिरची" या तक्रारीला डब्लिनने दिलेले हे चोख उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डब्लिनच्या बऱ्याच चिपरचे मालक इटलीतल्या कासालातिको या छोट्या गावाकडून आलेल्या कुटुंबांतले. बेशॉफ रशियन साम्राज्यातून आलेले, स्पाइस बॅग चिन्यांचा. परक्यांनी आणलेली चव या शहराने आपली म्हणून खाल्ली. आपल्या वडापावालाही कधीतरी ते भाग्य लाभेल. पण पंगतीत बसायचे, तर यजमानाच्या ताटातलेही चाखायला हवे. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पाहुणे आले की एक रात्र तरी बटर चिकनला सुट्टी द्या!