‘बारोमास’ : एका घरातील दोन मते

२००४ च्या लोकसभेत काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. त्याच वर्षी सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २०२४ मध्येही कोणा एका पक्षास बहुमत मिळाले नाही; त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. डोंगरकड्यासारख्या गावी ही कादंबरी म्हणूनच पुन्हा वाचावी. जमीन राखावी की नोकरीसाठी विकावी? जुन्या पिढीस ती नाते वाटते, नव्या पिढीस भांडवल. लेखक कोणालाही खोटे पाडत नाही, हे त्यांचे बळ. मात्र अलकेची बाजू बहुधा पतीच्याच नजरेतून दिसते, ही उणीव आम्हांस जाणवते. मतमोजणी एका दिवसात संपते. घरातला हिशोब मात्र एकमेकांचे ऐकल्यावाचून जुळत नाही.