शिक्षण, मिळकत आणि आरोग्य : ‘कोयता’ या शब्दाच्या अनुषंगाने एक चिकित्सा

शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक होय, हा विचार थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून मांडला. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये ‘मानवी भांडवल’ या संकल्पनेचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. आरोग्य हेही भांडवलच असून निरोगी दिवस हे त्याचे उत्पन्न होय, असे मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये प्रतिपादिले. आणि जेकब मिन्सर यांनी १९७४ मध्ये शालेय वर्षे व मिळकत यांचा संबंध एका समीकरणात बसविला. या विचारपरंपरेचे ऋण मान्य करूनही, तिची परिमाणे धाराशिव जिल्ह्याला लावताना काय घडते, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या मांडणीत दोन एकके गृहीत धरलेली आहेत : शिकण्याचे एकक ‘वर्ष’ आणि कमाईचे एकक ‘व्यक्ती’. जिल्ह्याच्या कळंब, वाशी, भूम या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या बोलीत मात्र एकक निराळे आहे. मुकादमाकडून ‘उचल’ मिळते ती ‘कोयत्या’वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराचे नाव माणसांस लागावे, हा केवळ लक्षणेचा विलास नव्हे. तो हिशेबाचा नियम आहे. उचल बहुधा पुरुषाच्या नावे असते, मजुरी दोघांनी तोडलेल्या उसाच्या टनांवर. त्यात स्त्रीची मिळकत स्वतंत्रपणे दिसतच नाही. आणि जी मिळकत दिसत नाही, तिच्यावरून शिक्षणाचा परतावा कोणत्याही समीकरणाने काढता येणार नाही. सातवी शिकलेली स्त्री आणि निरक्षर स्त्री, दोघींच्या कोयत्याचा भाव एकच. मुलीचे लवकर लग्न करून देणाऱ्या आईबापांना शिक्षणाचे मोल कळत नाही, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. ज्या बाजारात ते उभे आहेत, तेथे ते मोल मोजलेच जात नाही.

‘वर्षा’चीही तीच गत आहे. शाळा जूनमध्ये भरते; पहिले सत्र संपते न संपते तोच बिऱ्हाड गाडीत चढते, आणि परत येईतो परीक्षा तोंडावर आलेली असते. शासनाच्या हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहतात. इतरांचे नाव तेवढे पटावर राहते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के नोंदली गेली. या अर्ध्या वर्षांविषयी तो आकडा मौन पाळतो.

आरोग्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक दारुण होतो. कामावर न गेलेल्या दिवसास ‘खाडा’ म्हणतात आणि त्याबद्दल दंड कापला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा टाळण्याची निकड हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. ग्रॉसमन यांच्या परिभाषेत हा निरोगी दिवस वाढविण्याचा यत्न ठरेल. प्रत्यक्षात तो भांडवलच विकून व्याज भरण्याचा प्रकार होय.

हा सिद्धांताचा दोष नसून बाजाराचा आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु सिद्धांताची परिमाणे धोरणात उतरतात, तेव्हा त्यांतील उणिवाही उतरतात. २०१८ साली हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झाला. त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषण यांस ३० टक्के आणि शिक्षणास ३० टक्के भार दिला गेला. दोन्ही रकाने योग्यच. पण त्या दोहोंमधील दुवा कोणत्याच रकान्यात नाही.

तो दुवा कसा असू शकतो, याचे प्रत्यंतर याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे मिळते. तेथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. त्यांच्या शालेय वर्षांची बेरीज अल्पच भरेल. तरीही गावाच्या आरोग्यास उपयोगी पडणारे ज्ञान त्यांनी गावच्याच बोलीत घरोघर नेले. म्हणजे शिक्षण आरोग्यापर्यंत पोहोचते ते केवळ मिळकतीच्या वाटेने नव्हे. समजलेल्या शब्दाच्या वाटेनेही पोहोचते.

यावरून मानवी भांडवलाचा सिद्धांत त्याज्य ठरत नाही. मात्र त्याचे माप लावण्यापूर्वी उचल, कोयता आणि खाडा हे तीन शब्द अभ्यासकाने समजून घेतले पाहिजेत. ज्या हिशेबात स्त्री ही अर्धा कोयता आहे, तेथे तिच्या शिक्षणाचा परतावा शोधण्याआधी तिला एक पूर्ण व्यक्ती म्हणून नोंदविणे, ही पहिली गुंतवणूक होय.