तीन टक्क्यांचं पांघरूण

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडवलेली सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप, म्हणजे एसएक्सटी, 28 सप्टेंबर 2015 रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रहाबरोबर अवकाशात गेली. तिच्या निरीक्षणांवरचे शोधनिबंध वाचताना एक वाक्य वारंवार भेटतं: 'वर्णपटात 2 किंवा 3 टक्के सिस्टिमॅटिक त्रुटी धरली आहे.' माझी हरकत या वाक्याला आहे.

आधी आरसे समजून घेऊ. क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परत येत नाहीत. म्हणून एसएक्सटीत सोन्याचा मुलामा दिलेले 320 पातळ आरसे एकात एक बसवलेत. किरण त्यांना एक अंशाहूनही कमी कोनात घासून जातात, तेही दोनदा. गोम इथेच आहे. परावर्तन 80 टक्के धरलं, तर दोनदा परावर्तित होऊन 64 टक्के किरण उरतात. ते प्रत्यक्षात 76 असेल, तर उरतात जेमतेम 58. आरशातली 5 टक्क्यांची चूक शेवटी 10 टक्क्यांची होते.

शिवाय ही चूक सगळीकडे सारखी पसरत नाही. सोनं 2.2 केईव्ही ऊर्जेच्या आसपास क्ष-किरण एकदम जास्त गिळू लागतं आणि परावर्तन झपकन पडतं. 1.84 केईव्हीला सीसीडीतलं सिलिकॉनही असाच हिसका देतं. म्हणजे चूक कुठे साचते, ते आपल्याला माहीत आहे.

समजा, परभणीच्या मोंढ्यात एखादा काटा फक्त 40 ते 50 किलोंमध्ये अडतो. आडत्या म्हणाला, 'सगळ्याच वजनांत 3 टक्के इकडेतिकडे धरा', तर शेतकरी ऐकून घेईल का? त्याचं पोतं नेमकं 45 किलोंचं आहे! सुपरनोव्हाच्या अवशेषात सिलिकॉनची रेषा 1.86 केईव्हीला दिसते, गंधकाची 2.46 ला. आपलीही पोती त्याच पट्ट्यातली.

कॅलिब्रेशन सोपं नाही, हे मान्य. क्रॅब नेब्युलाला सगळे प्रमाण वजन मानत. तिचीही 15 ते 50 केईव्हीतली चमक दोन वर्षांत सुमारे 7 टक्के घटल्याचं 2011 मध्ये दिसलं. सूर्याच्या दुर्बिणींचं तर आणखी कठीण, कारण सूर्य रोज बदलतो. 2006 मध्ये सोडलेल्या जपानच्या हिनोदे यानावर डिटेक्टर आणि फिल्टरवर मळाचा थर साचला. तो किती, केव्हा जमला याचा हिशेब मांडून दुरुस्ती करावी लागली.

तसा हिशेब इथेही मागायला हवा. 1.7 ते 2.5 केईव्हीचा पट्टा धरून आणि वगळून, दोन्ही उत्तरं छापा. तापमान किंवा घनता हलली, तर किती हलली ते लिहा. आणि सिलिकॉनचा आकडा त्याच पट्ट्यावर उभा असेल, तर तेही वाचकाला कळू द्या.