पुराव्याची पर्याप्तता आणि अपील न्यायालय

फौजदारी अपिलात पुराव्याची पर्याप्तता तपासावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी अमेरिकन व भारतीय विधिपद्धतींत मूलभूत भेद आहे. जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनिया (१९७९) या निर्णयानुसार, पुरावा फिर्यादी पक्षास अनुकूल दृष्टीने वाचून कोणाही विवेकी निर्णायकास दोषसिद्धीपर्यंत पोचता आले असते काय, एवढेच वरिष्ठ न्यायालयाने पाहावयाचे असते. आपल्याकडील उच्च न्यायालयास मात्र समग्र पुरावा नव्याने तोलण्याचा अधिकार आहे. तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये होता; आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ मध्ये आहे.

एवढा व्यापक अधिकार प्रत्यक्षात कसा वापरला जातो, हे नाशिकच्या एका खटल्यावरून दिसते. जून २००३ मध्ये पाच जणांचे खून झाले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहा आरोपींस फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवून तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये साऱ्यांसच पुन्हा फाशी दिली. पुनर्विलोकनानंतर मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांजवळील छायाचित्रांतून भलत्याच चौघांस ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे यावेळी निर्णायक ठरले. ही ओळख कागदपत्रांत पहिल्यापासूनच होती.

मग ती आधी दिसली कशी नाही? जखमी प्रत्यक्षदर्शी साक्षीदारास आपली न्यायालये मोठे वजन देतात, आणि तसे देणे योग्यच आहे. तथापि साक्षीदार प्रामाणिक आहे काय आणि तिची ओळख अचूक आहे काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर मिळताच दुसरा सुटला असे मानले गेले. परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्याने (१९८४) पाच कसोट्या घालून दिल्या आहेत. प्रत्यक्ष साक्षीस अशी रांगेने लावावयाची कसोटी नसल्यामुळेच की काय, ती अधिक सुलभपणे स्वीकारली जाते. शिव स्वरूप प्रकरणात (१९३४) प्रिव्ही कौन्सिलने साक्षीदारांस समक्ष पाहणाऱ्या न्यायाधीशाच्या मतास मान देण्यास सांगितले खरे. परंतु ते निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलासंबंधी होते व त्याच्या जोडीला आरोपीच्या निर्दोषत्वाचे गृहीतकही होते. त्यातील अर्धे वाक्य उचलून दोषसिद्धीस आधार देणे हा त्या निर्णयाचा विपर्यास होय.

नाशिकच्या खटल्यात निदान विसंगती कागदावर होती. ती कागदावर येतच नाही तेथे अपिलाचा हात पोचणे कठीण. मे १९७० मधील भिवंडीच्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर कठोर ठपका ठेवला. आयोगास दोन्ही बाजूंचे कथन विचारात घेता आले. अपील न्यायालयापुढे मात्र त्या तपासातून सिद्ध झालेलाच अभिलेख येतो, आणि आयोगाचा अभिप्राय न्यायालयावर बंधनकारक नसतो. अपिलाच्या टप्प्यावर अधिक पुरावा घेण्याची तरतूद (पूर्वीचे कलम ३९१, आताचे ४३२) आहे. पण कोणता साक्षीदार वगळला गेला, हे आरोपीच्या वकिलाने दाखविल्याखेरीज तिचा उपयोग होणे अवघड, आणि नाशिकचे सहा जण तर भटक्या जमातीतील निर्धन मजूर होते.