आडोसा नसलेल्या आकाशात

हट्टा गावच्या गोंडकालीन बावडीत लहानपणी लपंडाव खेळलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही, की पळणाऱ्याचा जीव त्याच्या पायांत नसून आडोशात असतो. दगडी खांबामागे अर्धा क्षण दिसेनासे होऊन, मागून येणाऱ्याला डावी बाजू की उजवी या संभ्रमात पाडता आले, म्हणजे चपळाईतली उणीव आपोआप भरून निघते. ताऱ्यांमधल्या पोकळीत असा खांब नाही. तेथील पार्श्वभूमीचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश, आणि त्या थंडीत इंजिन पेटवलेले यान म्हणजे अमावास्येच्या रात्री माळावर पेटलेली शेकोटी. अशा उघड्या मुलखात पाठलाग रंगवायचा कसा, हा प्रश्न विज्ञानकथांवर रचलेल्या भूमिका-खेळांना गेली पन्नास वर्षे छळत आला आहे. मेजाभोवती बसलेल्या चार-पाच गड्यांपैकी कोणी कप्तान होतो, कोणी सुकाणू धरतो, कोणी इंजिन सांभाळतो, कोणी तोफा. आणि गेममास्टर उरलेले सारे विश्व चालवतो. या मंडळींना पळण्याचे भय आणि निसटण्याचा आनंद यांचा खराखुरा अनुभव मिळतो की नाही, यावरच या कलेची परीक्षा करावी, असे माझे मत आहे.

आरंभीच्या रचनाकारांनी आडोसा शोधला तो भूमितीत. मार्क मिलर आणि जॉन हार्शमन यांचा ‘ट्रायप्लॅनेटरी’ हा १९७३ चा पटावरचा खेळ. त्यात यानाचा वेग मेणाच्या पेन्सिलीने पारदर्शक आवरणावर रेघ ओढून दाखवीत, आणि मागच्या डावातली रेघ पुढच्या डावात तशीच चालू राहत असल्यामुळे, एकदा धरलेली दिशा सोडायची तर इंधनाची किंमत मोजावी लागे. याच मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ १९७७ मध्ये आला, तोही ही शिस्त घेऊनच. त्याच्या सुधारित आवृत्तीत एक डाव १,००० सेकंदांचा, आणि ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट अंतराच्या आत ताऱ्यांपलीकडची उडी घेणे धोक्याचे. ही शंभर व्यासांची हद्द मला या साऱ्या परंपरेतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते, कारण तिने रित्या आकाशात एक उंबरठा उभा केला. पृथ्वीएवढ्या ग्रहापासून ती हद्द सुमारे पावणेतेरा लाख किलोमीटरवर पडते. पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने पळणारे यान तेथे सुमारे सोळा डावांत पोचते, तर दुप्पट त्वरणाच्या पाठलागी यानाला अकराहून किंचित अधिक डाव पुरतात. म्हणजे पाठलाग करणारा सव्वा तासाच्या आत निघाला तर उंबरठ्यापूर्वीच गाठतो, त्यानंतर निघाला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. बंदरावरच्या कारकुनाला कागदपत्रांत गुंतवून तो सव्वा तास मिळवणे हाही मग पाठलागाचाच भाग होतो.

या गणिताला परके मानण्याचे आपल्याला कारण नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत नऊ हात उंच खांबावर बसलेला मोर, खांबाच्या बुंध्याशी असलेल्या बिळाकडे सत्तावीस हातांवरून धावणाऱ्या सापावर झेप घेतो. दोघांची गती समान, तर गाठ कोठे पडेल? बिळापासून बारा हातांवर. मोर साप दिसतो तेथे झेप घेत नाही, तो जेथे असणार तेथे घेतो. आणि ट्रॅव्हलरचा सुकाणूधारी रेघा ओढताना नेमके हेच करीत असतो.

तथापि लीलावतीतला साप पळण्याचा बेत बदलत नाही, आणि मेजाभोवतीचा माणूस तो क्षणोक्षणी बदलतो. शिवाय रेघा ओढतो एकजण आणि उरलेले चौघे बघत बसतात. ही व्याधी जुनी आहे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकारंभी फासा या संस्थेने ‘स्टार ट्रेक’वरील खेळात प्रत्येक गड्यासमोर त्याच्या कामाचा स्वतंत्र फलक ठेवून तिच्यावर उपाय योजला. २०१७ च्या ‘स्टारफाइंडर’ने तोच उपाय अधिक बंदोबस्ताने पुढे नेला: आधी इंजिन, मग सुकाणू, मग तोफा असा क्रम, षट्कोनी घरांचा पट, आणि सुकाणूच्या फाशात हरलेल्या यानाने आधी सरकायचे, म्हणजे जिंकणाऱ्याला त्याची चाल पाहून आपली ठरवता यावी. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात तोफा सांभाळणारा गडी तासभर एकच फासा टाकीत राहतो. त्याला काम मिळते, पण निर्णय मिळत नाही. माझ्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे.

खरे वळण आले ते अंतराळाबाहेरून. १९८३ च्या ‘जेम्स बाँड ००७’ या खेळात मोटारींच्या पाठलागाला लिलावाचे रूप दिलेले होते: पळणारा आणि पाठलाग करणारा अडचणीची बोली चढवीत नेतात, आणि जी अडचण अखेर ठरते तिच्यावर दोघांनाही फासे टाकावे लागतात. येथे अंतर मोजायचे नसते. मोजायचे असते ते समोरच्याच्या धाडसाचे माप, आणि आपण बोललेल्या शब्दाला आपणच बांधले जातो. २००९ च्या ‘डायस्पोरा’ने आकाशाची सारी व्याप्ती एका सरळ पट्टीवर आणली आणि पट्टीच्या टोकाबाहेर जाणाऱ्याला निसटलेला मानले. मला ही काटकसर फार आवडते, कारण वेगाची सारी गुंतागुंत टाकूनही ‘अजून किती उरले’ हा पळणाऱ्याचा एकमेव खरा प्रश्न तिने जपला आहे. २०१८ च्या ‘स्कम अँड व्हिलनी’तले भरत जाणारे घड्याळही तोच प्रश्न विचारते, मात्र तेथे गेममास्टर सैल हाताचा असला तर घड्याळ नुसते वर्तुळ होऊन बसते.

एवढ्या युक्त्यांनंतरही या कलेत एक जागा रिकामी वाटते, आणि तिचे नाव आपल्या जुन्या लष्करी भाषेत तयार आहे: चंदावल, म्हणजे सैन्याची पिछाडी. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा पाऊस आणि रात्र हा एक आडोसा होता. दुसऱ्या पालखीत बसून शत्रूची दिशाभूल करणारा शिवा काशीद हा दुसरा. आणि सिद्दी मसूदची फौज मागे लागल्यावर घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू हा तिसरा. गडावरून तोफांचे बार होईपर्यंत खिंड लढवायची, असा त्यांचा करार परंपरा सांगते. पाठलागाचे याहून परिपूर्ण विधान मला ठाऊक नाही: येथे उंबरठा आहे, घड्याळ आहे, बोलीही आहे, आणि शिवाय आडोसा दगडाचा न राहता माणसाचा झाला आहे. बहुतेक अंतराळ-खेळांत यान हे एकच शरीर मानले जाते, ते सबंध वाचते किंवा सबंध बुडते, आणि त्यामुळे त्यातल्या पाचांपैकी एकाने मागे राहण्याचा प्रसंग नियमांच्या चौकटीत उद्भवतच नाही.

आमच्या मेजावर आम्ही एवढाच फेरफार केला. सोळा डावांची जुनी हद्द तशीच ठेवली. मात्र कोणत्याही डावी कोणाही गड्याने छोटी नौका सोडून मागे फिरावे, आणि त्याने जितके डाव तग धरावा तितके डाव पाठलागी यानाला थोपवावे, अशी तजवीज केली. गेल्या पावसाळ्यात अकराव्या डावी, वीज गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात, आमच्यातला सर्वांत अबोल गडी, जो महिनोन्‌महिने तोफेचा फासा टाकण्यापलीकडे काही बोललेला नव्हता, त्याने आपली सोंगटी उचलली आणि पटावर उलट्या दिशेने ठेवली. पुढचे पाच डाव कोणीही हिशेबाचा कागद पाहिला नाही.